कढीपत्त्यावरची पंगत

जीवदया म्हणजे काय हे मला ज्या माणसानं शिकवलं, तो बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासे खायचा. उरलेल्या दिवशी मिळाले तर खायचा.

त्यांची आठवण आली की पहिला दिसतो तो कढीपत्त्याच्या झाडापुढे आडवा धरलेला हात. शाळेची पोरं रस्ता ओलांडताना हवालदार गाड्यांपुढे धरतो, तसा. समोर कोणीतरी वहिनी, गॅसवर तेल तापत ठेवून चार पानं न्यायला खाली आलेली.

"वाईच थांबा वयनी. पंगत बसली हा."

पंगत सुरवंटांची. मामा मग झाडाच्या दुसऱ्या बाजूला जायचे, एक डहाळी वरखाली न्याहाळायचे आणि वहिनींच्या हातात द्यायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जरा फटकळ. त्या एकदा म्हणाल्या, "मामा, हा कढीपत्ता आमच्या फोडणीसाठी लावलाय की तुमच्या किड्यांसाठी?"

"दोघांसाठी, वयनी. तुमची फोडणी दिवसाला दोनदा. ह्यांचं काय, चालूच असतं."

मामा आमच्या सोसायटीचे वॉचमन. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या पुढे, तीन इमारती, मागे आठ फूट रुंदीची मातीची पट्टी. त्या पट्टीत कढीपत्ता, लिंबू, कण्हेर, झेंडू आणि भिंतीच्या कडेनं कोणी न लावलेली रुई. सोसायटीच्या कागदपत्रांत या पट्टीचा उल्लेख 'उद्यान' असा होता.

मामा आधी गिरणीत होते. फोल्डिंग खात्यात, म्हणजे तयार कापड शेवटचं तपासून जिथं घड्या घालतात तिथं. टेबलावरून सरकणाऱ्या कापडात भोक, गाठ, तुटलेला धागा शोधायचा, एवढंच काम. पण ते त्यांनी पंचवीस-तीस वर्षं केलं. संपानंतर गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली, मग तीही बंद पडली, आणि मामा कोणाच्या तरी ओळखीनं आमच्या गेटवर आले. बायको-मुलं गावी, मालवणच्या बाजूला. मामा केबिनमागच्या खोलीत राहायचे.

माणूस खातं सोडतो, खातं माणसाला सोडत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. मामा पान हातात घ्यायचे ते कापडासारखं. दोन बोटांत धरून अंगठा हळू सरकवायचा, मग उलटं करून उजेडाकडे धरायचं. पानामागं टाचणीच्या डोक्याएवढं अंडं असलं तरी त्यांना सापडायचं. मी साकीनाक्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. सकाळी निघताना त्यांच्याशी दोन शब्द बोलायची सवय लागली होती.

"आधी भोक दिसलं की वाईट वाटायचं," ते एकदा म्हणाले. "साहेब ओरडणार, विणणाऱ्याचा दिवस कापणार. आता भोक दिसलं की बरं वाटतं. म्हणजे कोणीतरी आत हा."

मी वाचनालयातून फुलपाखरांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणून त्यांना दाखवलं. त्यांनी चित्रं बारकाईनं पाहिली, छपाई चांगली आहे म्हणाले आणि परत केलं. त्यांची नावं ठरलेली होती, सगळी गिरणीतल्या कापडांची. कढीपत्त्यावर वाढणारं काळ्यापिवळ्या ठिपक्यांचं ते 'छीट'. साधं पांढरं ते 'मांजरपाट'. रुईवरचं, केशरी पंखांना काळी किनार असलेलं, ते 'काठपदर'. आणि कधीमधी आरे कॉलनीकडून येणारं मोठं काळंनिळं, ते 'सुटिंग'. पुस्तकातली लॅटिन नावं मी तेव्हा पाठ केली होती. आज एकही आठवत नाही.

सुरवंट मोठे झाले, की कावळ्यांच्या भीतीनं मामा त्यातले काही काचेच्या बरण्यांत ठेवायचे. तोंडाला मलमलचा तुकडा, आत रोज ताजी डहाळी. केबिनच्या खिडकीत अशा आठ-दहा बरण्या ओळीनं असायच्या. सुरवंट खाऊन खाऊन थकला की काडीला टेकून कोश करायचा, आणि दहाबारा दिवसांनी एखाद्या सकाळी कोश फाटून चुरगळलेलं ओलं काहीतरी बाहेर यायचं. कामावर जाणारी माणसं डबे सावरत थांबायची. कोणी बोट पुढे केलं की मामा म्हणायचे, "हात नको. अजून इस्त्री व्हायची हा."

इस्त्री व्हायला तासभर लागायचा. त्या तासात मी कितीतरी वेळा बस चुकवली.

सगळाच माल पहिल्या प्रतीचा निघायचा नाही. एकदा एका छीटचा उजवा पंख उलगडलाच नाही. मी म्हटलं, "मामा, हे काही उडत नाही."

"सेकंड हा," मामा म्हणाले. गिरणीत दोष असलेल्या कापडाला सेकंड म्हणायचे. त्यांनी ते झेंडूच्या फुलावर नेऊन ठेवलं. दुपारी दुसऱ्या फुलावर, संध्याकाळी तिसऱ्या. सहा दिवस ते त्याला असं हातानं फिरवत होते. मी न विचारताच त्यांनी उत्तर दिलं. "सेकंडचा माल पण कोणीतरी नेसतंच ना."

आता मामांच्या एका चुकीकडे येतो, जी गिरणीतल्याच माणसाच्या हातून होऊ शकते.

गेटवर एक रजिस्टर असायचं. नाव, कोणाकडे, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. मामांच्या जुन्या खात्याचा नियम असा, की नोंद झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही. त्यामुळे बरणीतून सोडलेलं प्रत्येक फुलपाखरू ते रजिस्टरात लिहायचे. 'पोस्टमन' आणि 'दुसऱ्या मजल्यावर पाहुणे तीन' यांच्या मधल्या ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असायचं: छीट, एक नग, बाहेर ८.४०. 'कोणाकडे' या रकान्यात: आरे कॉलनी.

हे बरेच महिने चाललं. ते रजिस्टर कोणी उघडत नव्हतं, म्हणून चाललं.

मग सोसायटीला दहा वर्षं झाली. आमचे सेक्रेटरी कुठल्याशा सरकारी खात्यात वरच्या हुद्द्यावर होते आणि चहा मागतानाही ठराव मांडल्यासारखे बोलायचे. त्यांनी समारंभ ठरवला. प्रमुख पाहुणे ठरले. 'उद्यानाचं' उद्घाटन ठरलं. सेक्रेटरी पाहणीला आले आणि लिंबाचं एकही पान धड नाही हे त्यांनी पाहिलं. एका सुरवंटाला त्यांनी पेनानं ढोसलं. सुरवंटानं डोक्यातून दोन नारिंगी शिंगं काढून आंबट वास सोडला. सेक्रेटरी दोन पावलं मागे आले. सरकारी नोकरीत त्यांना असं कोणी केलं नसावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फवारणीचा पंप आणि औषधाचा डबा मामांपुढे ठेवला. मी तिथंच होतो.

"उद्यापर्यंत सगळं मारून घ्या, मामा."

"मारतो, साहेब. पण वाईच थांबा. पंगत उठू दे."

"कसली पंगत?"

मामांनी कढीपत्त्याकडे बोट दाखवलं.

"मामा, तुम्हाला इथं कोणी ठेवलंय, सोसायटीनं की या किड्यांनी?"

"सोसायटीनं, साहेब."

"मग रविवारच्या सभेत सोसायटीच काय ते ठरवेल," असं म्हणून सेक्रेटरींनी केबिनमधलं रजिस्टर तपासायला उचललं. चार पानं उलटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. पुरावा मिळाला होता.

नोकरी जाणार, हे मामांना कळत होतं. नोकरीबरोबर मागची खोलीही जाणार होती, आणि गावी दोन मुलांची शिक्षणं चालू होती. शनिवारी संध्याकाळी मी त्यांना समजावायला गेलो. म्हटलं, "मामा, मासे खाता तुम्ही. केबिनमधली झुरळं चपलेनं मारता. मग चार सुरवंटांसाठी एवढं कशाला?"

"मी कुठं साधू हा? मारायला माझं काय नाय." ते बरणीतली सुकलेली डहाळी काढत होते. "पण जेवत असताना नाय."

ताजी डहाळी आत सरकवून म्हणाले, "आमचं खातं बंद झालं ना, ती दुपारची सुट्टी होती. डबा उघडलेला. साहेब आले, बोलले, उठा, खातं बंद झालं, गेट सोडा. आम्ही बोललो, जेवून उठतो. बोलले, आत्ता. अर्धी भाकरी तशीच बांधली. नोकरी सगळ्यांचीच गेली, त्याचं काय एवढं नाय. पण पानावरनं उठवलं."

मी समजावायला गेलो होतो. तसाच घरी आलो.

सभेला गच्चीवर पंचवीसेक माणसं होती. माझं अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. मामा जिन्याच्या दाराशी उभे होते. सेक्रेटरींनी रजिस्टरातल्या नोंदी मोठ्यानं वाचायला घेतल्या. "मांजरपाट, दोन नग, बाहेर नऊ वाजून दहा मिनिटं, कोणाकडे, माहीत नाही." लोक हसले. "काठपदर, एक नग, बाहेर साडेसात." पुन्हा हसले. मामांनी मान खाली घातली. "सभासदहो," सेक्रेटरी म्हणाले, "ज्या वॉचमनचं लक्ष किड्यांवर आहे, त्याच्या भरवशावर आपण झोपायचं का?"

मी पेन हातात धरून बसलो होतो. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच फटकळ वहिनी उठल्या.

"सेक्रेटरीसाहेब, गेल्या मंगळवारी तुमच्याकडे कोण आलं होतं, बघा जरा त्यात."

सेक्रेटरींनी बघितलं. "मेहुणे. आत सहा पाच, बाहेर आठ वीस."

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग ज्याच्या नजरेतून फुलपाखरू सुटत नाही, त्याच्या नजरेतून चोर सुटेल होय? आधीचा वॉचमन होता, त्याच्या डोळ्यांसमोरून आमचं सिलिंडर गेलं. मामांना ठेवा म्हणते मी. औषधाचं नंतर बघू. आणि माणूस काय, किडा काय, पानावरून उठवू नये एवढं तर आपल्या घरातही शिकवलंय ना?"

पानावरून कोणाला उठवू नये, हे मराठी माणसाला अमान्य करता येत नाही. बाकी पुष्कळ गोष्टी तो अमान्य करतो. मामांना ठेवावं आणि जेवणं होईपर्यंत फवारणी पुढे ढकलावी, असं ठरलं. 'पंगत' हा शब्द इतिवृत्तात लिहायला सेक्रेटरींनी ठाम नकार दिला. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: 'विषय क्रमांक सात. अळ्यांचा आहारकाल संपेपर्यंत फवारणी स्थगित.'

खाली उतरल्यावर मी विचारलं, "मामा, हा आहारकाल संपणार कधी?"

"ह्या पंगतीचं आठ दिवसांत आटपेल," मामा म्हणाले. त्यांनी कढीपत्त्याकडे पाहिलं. झाडावर एक छीट घिरट्या घालत, थांबत, पानांवर अंडी ठेवत होतं. "पण लग्नात बघता ना तुम्ही? दुसरी पंगत मागं उभी असते."

समारंभ झाला. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, भोकं पडलेल्या लिंबाकडे पाठ करून उभे राहिले आणि निसर्गावर बोलले. त्यांच्या पत्नी मात्र भाषणभर कढीपत्त्यापाशी होत्या. त्यांनी डहाळीला हात घातला तेव्हा मामांचा हात आडवा झाला आणि सेक्रेटरींनी डोळे मिटले. "बाईसाहेब, वाईच थांबा." बाईसाहेब थांबल्या, वाकल्या, आणि टाळ्या वाजेपर्यंत वाकून बघत राहिल्या. जाताना दुसऱ्या बाजूची डहाळी पर्समध्ये घालून घेऊन गेल्या.

मामा त्यानंतर पाच वर्षं होते. मग मुलगा नोकरीला लागला, मामांचे गुडघे कुरकुरू लागले आणि ते गावी गेले. जाताना बरण्या कोणाला द्यायच्या यावर थोडा वाद झाला. एवढी मागणी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. तीन बरण्या फटकळ वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गेल्या. दोन माझ्याकडे आल्या. नवा वॉचमन रजिस्टरात फक्त माणसं लिहितो, आणि तीही अधूनमधून. गावाहून एकदा पोस्टकार्ड आलं. इकडे सगळ्या प्रकारचा माल आहे, गुडघे बरे आहेत, आणि बांगडा स्वस्त आहे, असं लिहिलं होतं.

झाड आता पहिल्या मजल्याच्या वर गेलं आहे. पानांना भोकं आहेत. फवारणी अजून झालेली नाही. विषय क्रमांक सात दर वर्षी वार्षिक सभेच्या पत्रिकेवर येतो आणि दर वर्षी पुढे जातो. यावरून आमची सोसायटी दयाळू झाली असा कोणी निष्कर्ष काढू नये. चौथ्या विषयानंतर चहा येतो, आणि त्यानंतर सभेला कोणी बसत नाही.