तपकिरी रेशमाच्या दोन पट्ट्या

तुमच्या आईची लग्नाची साडी लग्नानंतर कुठे कुठे गेली, सांगता येईल? मला आलं नसतं. आणि मी तर पत्रकं वाचून वाढलेली. बौद्ध पद्धतीचं लग्न तासाभरात, बँडबाजाशिवाय, पांढऱ्या साडीत का करावं, हे बाबा पत्रकांतून लिहायचे आणि आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो. लग्नात पांढरं कसं, म्हणून कुणी नाक मुरडलं की मी भांडायला तयार.

नोकरीसाठी सिंगापूरला आल्यापासून मी बुकित तिमाह भागात एका सत्तरीच्या अमेरिकन बाईंच्या घरी खोली घेऊन राहते. इथल्या रीतीने त्यांना ऑन्टी म्हणते. दमट हवेत कापडाला बुरशी लागते, म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी एक जुनी पेटी उघडली. आत तपकिरी रेशमाचा लांब झगा.

“माझ्या पणजीच्या आईचा. लग्नातला.”

“शक्यच नाही. तुमच्यात पांढरा घालतात.”

“माझ्या घरचं तुला जास्त माहीत?” त्या हसल्या. त्या काळी साध्या घरच्या मुली पुढेही वापरता येईल असा रंग घ्यायच्या, म्हणाल्या.

मी ओशाळले. जन्मभर पांढऱ्यासाठी भांडले, आणि आता तेच पांढरं दुसऱ्याच्या पणजीच्या आईवर लादत होते!

पेटीतल्या चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव होतं, पुढे नुसतं ‘यांची पत्नी’. तिचं नाव ऑन्टींनाही ठाऊक नव्हतं. ती फार सडपातळ होती आणि झगा तिने एकदाच घातला, एवढंच घरात सांगत आलेले. पण काखेखाली दोन्हीकडे बोटभर रुंद पट्ट्या जोडलेल्या होत्या, किंचित वेगळ्या तपकिरी रंगाच्या.

“नंतर कुणीतरी बिघडवलाय,” ऑन्टी म्हणाल्या. “नातीच्या लग्नात मांडायचाय. शनिवारी शिंपीण येऊन पट्ट्या उसवेल.”

मला ते पटेना. टाके फार जपून घातलेले होते. बिघडवणारी इतकी जपते का? मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

“जय भीम, बाई,” आई म्हणाली. ऑन्टींनीही जय भीम म्हटलं. तेवढं त्यांना येतं. मी फोन झग्यावरून फिरवला.

“थांब गं, पळवू नकोस. बटणं पुढून आहेत ना? उघड. अस्तर दाखव.”

अस्तराला छातीपाशी दोन उभ्या फटी होत्या, कडा दुमडून शिवलेल्या.

“अगं, बाळाला पाजायची सोय आहे ती! आणि अंग भरल्यावर पट्ट्या लावल्यात. एवढी शिकलीस, हे कळेना? तू झाल्यावर माझ्या लग्नाच्या ब्लाउजला मीही लावल्या होत्या.”

“म्हणजे तू तो पुन्हा घातलास?”

“पुन्हा म्हणजे? त्याच साडीत शाळेच्या मुलाखतीला गेले, नोकरी लागली. विरली तेव्हा तुझी गोधडी केली.”

“कधी बोलली नाहीस.”

“विचारलंस कधी? तुझं आपलं बाबांच्या पत्रकांचं पाठांतर चाललेलं.”

सगळं मी ऑन्टींना इंग्रजीत सांगितलं. त्या बराच वेळ एका पट्टीवरून अंगठा फिरवत राहिल्या. “म्हणजे माझी पणजी या झग्याआड दूध प्यायली असेल,” असं म्हणून त्यांनी शिंपिणीला फोन केला. उसवायचं काही नाही, शनिवारी येऊ नका.

“कॅन, कॅन! नो प्रॉब्लेम ला!” पलीकडून सिंगापुरी इंग्रजीत आवाज आला.

आता पेटीत दुसरी चिठ्ठी आहे. हिने हा झगा लग्नात घातला आणि मूल पाजतानाही घातला, असं तिच्यावर लिहिलंय. नावाची जागा कोरी आहे. ऑन्टी अमेरिकेतल्या एकेका नातलगाला विचारतायत. अजून कुणालाच सांगता आलेलं नाही.

पत्रकांच्या घरातली मी, शेवटी मागणं करणारच. आज आईला विचारा, ती नसेल तर मावशीला: लग्नाची साडी नंतर कुठे कुठे नेसलीस? सांगेल ते लिहून काढा आणि कागद साडीच्या घडीत ठेवा. त्यावर सगळ्यात आधी तिचं नाव घाला.