फुगायला ठेवलेला हात

"दार लाव आधी! वारा लागतोय हाताला!"

"लागू दे. मला ओटा हवाय," बायको म्हणाली. "स्वयंपाक काय तुमच्या कोपरावर करू?"

ओट्यावर, शेगडीशेजारी, ओलसर फडक्याखाली पैलवानाचा उजवा हात पसरलेला होता आणि पैलवान स्टुलावर बसून त्याची राखण करत होता.

पैलवान हे त्याचं बेकरीतलं नाव. पीठ मळावं तर त्यानेच. मग जिन्यावरून पडला, हात मोडला, प्लास्टर चढलं. ते उतरलं तेव्हा आतून जे काही निघालं ते पाहून त्याच्या आईने विचारलं, "हा कुणाचा?" हाड जुळलं होतं, दंड मात्र गळून गेला होता.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की स्नायूंच्या कडेला मूळपेशी निपचित पडलेल्या असतात. स्नायूवर ताण आला की त्या जाग्या होतात, वाढतात, त्याची डागडुजी करतात. हात नुसता पडून राहिला, तर त्याही सुस्तावतात. पैलवानाने 'वाढतात' एवढं ऐकलं आणि पुढचं त्याला आपोआपच कळलं. हे तर खमीर! उबेला ठेवायचं, झाकायचं, हलवायचं नाही.

तेव्हापासून त्याची आई फडकं ओलं करत बसे. लेक येताजाता दंडात बोट खुपसून बघे.

"बाबा, खळगा अजून तसाच राहतोय."

"घाई करू नये. फुगलेलं पीठ बसतं अशाने."

आज सकाळी बेकरीच्या मालकाचा फोन आला होता. एक तारखेला कामावर उभा राहा, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

"एक तारखेपर्यंत फुगेल," पैलवान म्हणाला.

"काल बरणीचं झाकण तरी निघालं का तुमच्याने?"

"अगं, मुरत असताना मध्येच कुणी..."

"थांबा. बेकरीत पीठ झाकायच्या आधी काय करता?"

"मळतो."

"किती?"

"घाम निघेपर्यंत."

"आणि न मळताच झाकलं तर?"

"पावाचा दगड होतो," पैलवान पुटपुटला.

"अगं, पण नाजूक झालाय तो!" त्याची आई मध्ये पडली.

"आई, तो हात आहे. तुमचा नातू नाही."

पैलवानाने स्वतःच फडकं उचललं. हात बादलीत विसरलेल्या कपड्यासारखा सुरकुतला होता. त्याने मूठ वळून पाहिली. बोटं अर्ध्यावरच थांबली.

"नाहीच उठल्या त्या पेशी, तर?" त्याने हळूच विचारलं.

"डॉक्टरीणबाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला होता. कुठाय तो?"

"कपाटात. जपून ठेवलाय."

बायकोने फडकं खुंटीला अडकवलं आणि बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्यापासून या घरातले ओले रुमाल हे पिळणार. ते जमले की टॉवेल, मग चादरी. कुणीही मदतीला जायचं नाही."