कारकुनासोबत पुरलेले कायदे

चीनमधल्या एका संग्रहालयात काचेमागे बांबूच्या काळपट, अरुंद पट्ट्या मांडल्या होत्या. प्रत्येकीवर अक्षरांची एकच उभी ओळ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाच्या थडग्यात सापडलेले ते कायदे होते. त्या शहरात नोकरी करणारी माझी मुलगी मुक्ता फलक वाचून मला सांगत होती. शेतीचे कायदे वेगळे, धान्यकोठारांचे वेगळे, आणि प्रत्येक गठ्ठा दोऱ्याने बांधलेला.

"पण दोरे कुजले, बाबा. पट्ट्या विखुरल्या. कुठली कुणाच्या नंतरची, हे अभ्यासक अजून जुळवताहेत."

"आणि चुकलं तर?"

"आता काय होणार? ती माणसं कधीच गेली."

मला मात्र माझं काम आठवलं. तालुक्याच्या कोर्टात मी जन्मभर फायली शिवल्या. एकदा एका माणसाच्या जामिनाचा कागद माझ्या हातून भलत्याच फायलीत शिवला गेला. मला तो कागद सापडेपर्यंत तो माणूस नऊ दिवस तुरुंगात राहिला. सुटल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. त्याने मला नमस्कार केला. "साहेब, तुम्ही कागद शोधलात, उपकार झाले."

चूक माझीच होती, हे मी त्याला सांगितलं नाही.

"त्या कारकुनाने कायदे सोबत कशाला नेले असतील गं?" मी मुक्ताला विचारलं.

"तिकडेही काम करायचं असेल त्याला," ती हसली.

मला हसू आलं नाही. तिकडे आपल्याला कोणीतरी जाब विचारेल, असंच त्याला वाटलं असणार.