पारा वाळून राह्यला

पुंजाजी कुणाच्याही घरी गेले की आधी घरातल्या माणसांकडे पाहत नसत. उंबऱ्याशी वहाणा काढायच्या, खोलीच्या मधोमध बसकण मारायची आणि भिंतींकडे पाहत राहायचं. कुणी पाणी आणलं तर पीत, कुणी बोललं तर "हूं" म्हणत. माझ्या खोलीवर ते पहिल्यांदा आले तेव्हा असेच दीड तास बसले. वाशीमच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते आणि एकटी राहत होते. त्यांना बोलावलं होतं ते हातभर उंचीचा एक जुना आरसा भिंतीला लावून द्यायला. दीड तासानं ते उठले, "सांजच्याले येतो" म्हणाले आणि गेले. संध्याकाळी येऊन पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरी बैठक झाली. तोवर आळीतल्या बायकांनी माझ्याकडे चौकशी सुरू केली होती.

आरसा त्यांनी लावला तो खिडकीसमोरच्या कोपऱ्यात, उंचावर, जरा पुढं झुकवून.

"पुंजाजी, यात माझं तोंड दिसत नाही," मी म्हटलं.

"तोंड रोज तेच असते, बाई. त्याले काय पाह्यता? आरसा उजेडासाठी असते."

त्या अंधाऱ्या खोलीत मी पुढं सहा वर्षं संध्याकाळी साडेसहापर्यंत दिव्याशिवाय वह्या तपासल्या. भांग मात्र अंदाजानं पाडायला शिकले.

पुंजाजी जातीचे माळी. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता, विहीर होती, मोट होती. तरुणपणी घरी भांडून ते हैदराबादेला गेले आणि एका आरसेवाल्याच्या हाताखाली सात वर्षं राहिले. जुन्या आरशाचा उडालेला पारा खरवडून नवा चढवायचा, चौकटीचं सोनेरी काम उजळायचं, हे तिथं शिकले. परत आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "काय आनलं?" हे म्हणाले, "हुन्नर." वडिलांनी त्यांना मोटेवर पाठवलं. तेव्हापासून सकाळी भाजी आणि दुपारनंतर आरसे असा त्यांचा दिवस होता.

आरसा कुठं लावावा याबद्दल त्यांची मतं पक्की होती. दारासमोर लावू नये, कारण "येनारा आदी सोताले रामराम करते, मंग तुमाले." जेवणघरात तर मुळीच नको. गावातल्या एका वकिलांनी हट्टानं जेवणघरात लावून घेतला. त्यांच्याकडे चार महिन्यांपासून मुक्कामाला असलेले मेहुणे समोर स्वतःला जेवताना पाहून आठ दिवसांत आपल्या गावी निघून गेले. वकिलांनी पुंजाजींना बोलावून उपरणं दिलं. पुंजाजींनी ते घेतलं, पण मत बदललं नाही.

जवळच्याच मालेगावच्या वाटेवरच्या एका गावचे देशमुख होते. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा बेल्जमचा आरसा होता. पुरुषभर उंच, चौकटीवर द्राक्षांचे घड आणि वर दोन पोपट. मागचा पारा जागोजाग उडालेला. दिवाळीनंतर देशमुखांनी तो बैलगाडीत गवत घालून पुंजाजींकडे पाठवला आणि महिन्याभरात परत मागितला.

महिना झाला, तीन झाले, आरसा गेला नाही. देशमुखांची पत्रं येऊ लागली. पुंजाजींना वाचता येत नसे, म्हणून पत्र घेऊन ते माझ्याकडे येत आणि उत्तरही मीच लिही.

"काय लिहू?"

"लिवा, पारा वाळून राह्यला."

मी वळणदार अक्षरात लिहिलं, "पारा वाळत आहे." उन्हाळ्यात लिहिलं, उष्म्यानं नरम पडला आहे. पावसाळ्यात लिहिलं, हवेत ओल आहे. चौथ्या पत्राच्या वेळी मी विचारलं, "पुंजाजी, पारा वाळायला इतके दिवस लागतात?"

"दोन दिवस लागतेत," ते म्हणाले आणि पुढचा मजकूर सांगू लागले.

त्या रविवारी मी मळ्यावर गेले. पुंजाजींच्या बायकोला, काशीबाईला, गेल्या मार्गशीर्षात लकवा झाल्याचं मला माहीत होतं. उजवं अंग गेलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. मूलबाळ नव्हतं. त्यांचं घर म्हणजे मळ्यातलीच एक अरुंद खोली. खाट आडवी होती आणि दार तिच्या डोक्यामागं. खाट फिरवली तर दार लागत नसे. बाहेर अंगणात निजवावं तर ती तयार नव्हती. "येनारे-जानारे तोंड पाह्यतेत," म्हणायची.

तिच्या पायांसमोरच्या शेणानं सारवलेल्या भिंतीला देशमुखांचा आरसा टेकवलेला होता. दोन पोपट आढ्याला लागले होते. आरशात उघडं दार, दारातून सगळा मळा, विहीर आणि रस्ता दिसत होता.

"दोन रोजासाठी ठेवला होता," पुंजाजी म्हणाले. "तिनं त्यात मेथी पाह्यली अन् हासली. मंग कसा उचलू?"

मी घरी आले आणि पाचवं पत्र लिहिलं. या खेपेला पारा न वाळल्याचं कारण माझंच होतं.

मार्गशीर्षात देशमुख स्वतः आले. मी तेव्हा काशीबाईपाशी बसले होते. तिनं आरशातच पाहून सांगितलं, "देशमुख आले. फेटा नवा हाये." देशमुख वाकून आत शिरले. आरशाकडे पाहिलं, पोपटांकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं.

"पुंजाजी, हा वाळतोय?"

"वाळला, मालक. कवाचाच वाळला."

"मग?"

पुंजाजी हातानं चौकट पुसू लागले. देशमुखांच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, बैठकीत आरसा हवा होता. हे सांगताना देशमुख अडखळले. शेवटी काशीबाईच अर्ध्या तोंडानं बोलली. "घेऊन जा. पोरीचं लगन हाये. म्या पाह्यलं समदं."

देशमुख म्हणाले, "लग्न झालं की परत पाठवतो." ते खरंच म्हणाले, माझ्यासमोर. पण लग्नात आरसा जावयांना आवडला आणि मुलीबरोबर अमरावतीला गेला. जावयाला कोण नाही म्हणणार?

देशमुख आले त्याच दिवशी आरसा पुंजाजींनी स्वतः गोधडीत बांधून गाडीवर चढवला. पुढचे तीन दिवस काशीबाई त्या रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिली. चौथ्या दिवशी पुंजाजींनी आपल्या सामानातले फुटके-तुटके तुकडे काढले. न्हाव्याच्या आरशाचा अर्धा भाग, कुण्या हवेलीच्या झुंबराखालची गोल आरशी, बेल्जमच्या काचेचे तीन कोपरे. असे अकरा तुकडे त्यांनी एका फळीवर मेणानं बसवले. रविवारी फळी धरायला मी होते. काशीबाई खाटेवरून सांगत होती. "हा जरा डावीकडं. अजून. खाली. झालं, हालवू नका." एकेका तुकड्याला अर्धा तास लागला. संध्याकाळी ती म्हणाली, "अकरा मळे झाले आपले. इतकी जमीन कवा घेतली तुमी?"

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. पुंजाजी दुपारी घरात आले की ती त्यांना मळ्याची खबर देई. वांग्याला कीड लागली, कोथिंबीर फुलावर आली, तिसऱ्या वाफ्याला पाणी पोचलं नाही. पुंजाजी जाऊन पाहत तर तसंच असे. "बसल्या जागी मळा करून राह्यली," असं ते गावभर सांगत.

पौषात ती गेली. तेराव्यानंतर मी भेटायला गेले तर पुंजाजी भरदुपारी तिच्या खाटेवर निजलेले. मला वाटलं, आजारी पडले.

"बाई, इकडं या," ते पडल्या पडल्या म्हणाले. "येथून पाहा. वांगे दिसतेत?"

मी त्यांच्या उशाशी डोकं नेऊन पाहिलं. "नाही."

"मेथी?"

"नाही."

अकराही तुकड्यांत एकच जागा होती. विहिरीचा काठ, आणि मोटेचे बैल जिथून मागं-पुढं जातात ती उतरती वाट.

"तथी मी असतो," पुंजाजी म्हणाले. "दुपारपर्यंत मोट हाकतो."

"मग कीड लागली, पाणी पोचलं नाही, हे ती कसं सांगायची?"

"अंदाजानं. माळ्याचीच पोर होती थे."

 मग पुंजाजी उठले. वाफे सुकले होते, पाणी द्यायचं होतं. बाहेर जाऊन त्यांनी बैल सोडून आणले, पण जुंपायच्या आधी दाराकडे तोंड करून थांबले. डोक्यावरचं मुंडासं सोडलं, दोनदा झटकलं आणि नीट, एकेक पीळ दाबून, पुन्हा बांधलं.