नत्थूजींचे दोन पंप

गोळीबार चौकातल्या घरी पुढच्या खोलीत तेव्हा हातमाग होता. नत्थूजी लुगडी विणायचे, त्यांची बायको कुसुमावती सुताच्या कांड्या भरायची. गल्लीभर सुताला लावायच्या खळीचा वास असायचा. काठ चांगला उतरला की शेजारचे विणकर हातातलं काम टाकून बघायला यायचे. पुढे माग विकला गेला आणि नत्थूजींच्या छातीत दमा राहिला.

डॉक्टरांनी तोंडानं ओढायचे औषधाचे दोन पंप दिले होते. नारिंगी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, निळा दम लागला तरच. नारिंगी घेऊन लगेच काही वाटेना, म्हणून तो कपाटात गेला. निळा मात्र ओढला की छाती मोकळी व्हायची. मग जिना चढण्याआधी निळा, बाजारात जाताना निळा, जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगता सांगताही निळा.

मागच्या हिवाळ्यात दोघं उमरेडला पुतण्याकडे, प्रज्वलकडे गेले. त्याच्याकडे माग अजून चालू आहे. नत्थूजींना राहवलं नाही.

"सरक गा थोडा," म्हणत ते मागावर बसले. आडवं सूत नेणारा धोटा नीट जायला लागला तसा त्यांचा चेहरा उजळला. कुसुमावती कौतुकानं बघत होती. पण सुताची धूळ छातीत गेली आणि श्वास अडकला. त्यांनी निळा पंप ओढला, पुन्हा ओढला. दम काही उतरेना. प्रज्वलनं गाडी काढली आणि शहरात येऊन थेट धंतोलीतलं हॉस्पिटल गाठलं.

मास्कमधून औषधाची वाफ दिल्यावर श्वास सावरला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "नारिंगी पंप घेता का?"

"त्यानं काही फरकच नाही पडत," नत्थूजी म्हणाले.

"निळा पंप श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या उघडतो, काका. आतली सूज तशीच राहते. ती हळूहळू उतरवतो तो नारिंगी. निळा सारखा लागतोय, म्हणजे दमा बिघडून राहिला."

कुसुमावतीला वाईट वाटलं. "मले वाटे, औषध घेऊन राहिले ना, मग झालं."

आता नत्थूजी नारिंगी पंप नेमानं घेतात, मग तोंडात औषध राहू नये म्हणून चूळ भरतात. निळा खिशात असतो, पण क्वचितच लागतो. मागाजवळ मात्र ते जात नाहीत.

प्रज्वलचा फोन आला की म्हणतात, "माग चालू असंल तर फोन तिथं धर गा जरा."

डोळे मिटून थोडा वेळ ऐकतात आणि मग फोन कुसुमावतीकडे देतात. "ऐक वं," म्हणतात.