बाईंनी मागे उभं केलं

आमच्या चर्चमधल्या पेटीवाल्या बाई गाणाऱ्याला लोकांसमोर उभं राहू देत नसत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मराठी गीताचं एक कडवं कुणीतरी एकट्याने गायची आमच्याकडे पद्धत होती. ते गायचं सगळ्यांच्या पाठीमागे, दाराशी, जिथून ग्वाल्हेरची डिसेंबरची थंडी सरळ मानेत शिरते तिथे. "गाणं ऐकायचं असतं, गाणारी बघायची नसते," असं बाई म्हणत. मला त्या आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. त्या गेल्या म्हणून आता आवडू लागल्यात असंही नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आमची ख्रिस्ती मंडळी बहुतेक हिंदी बोलणारी. नगरकडून कधीकाळी शिकवायला, दवाखान्यात कामाला आलेल्यांची चार मराठी घरं त्यात मिसळलेली. तेवढ्या चार घरांवर बाई राज्य करत. बाड्यावरच्या बाजारात दुकानांतून डिसेंबर लागताच चांदण्या आणि लाल टोप्या लटकू लागत, स्पीकर कोकलू लागत, आणि आम्हा मुलींना सरावात जन्माची गाणी म्हणायची घाई होई. बाई भात्यावर तळवा दाबून पेटी बंद करत. "अजून बाळ जन्मलेलं नाही. आता वाट बघायची गाणी म्हणा." चोवीस तारखेपर्यंत त्या आम्हाला वाट बघायला लावत. त्यांच्या नाकावर राग होता आणि तो सणासुदीला जास्त चढे.

एका वर्षी तरुण मुलांनी एकाला सांताक्लॉज करून घरोघरच्या गाण्यांना आणलं. बाईंनी त्याला पहिल्याच घरी दारात अडवलं. "ये दाढी उतारो और बैठकर गाओ. नाहीतर घरी जा." तो बिचारा कापसाची दाढी खिशात कोंबून रात्रभर गायला. ज्या घरात टीव्ही चालू असे तिथे त्या पेटी उघडतच नसत. चहा नंतर, केक त्याच्याही नंतर, आधी प्रार्थना. लोक त्यांना घाबरत आणि घाबरण्यालाच आदर म्हणत.

बेसूर गाणाऱ्यांवर मात्र त्या कधी चिडल्या नाहीत. रेल्वेतले एक काका प्रत्येक गीत भलत्याच पट्टीत उचलत, आणि बाई पेटीवर त्यांच्या मागे मागे निमूट जात. "बेसूर चालेल, मिरवणं चालणार नाही."

ज्या वर्षी ते कडवं माझ्या वाट्याला आलं, त्या वर्षी पप्पांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. गिरणीतल्या मागांनी त्यांचे कान खाल्ले होते. दाना ओली नावाच्या गल्लीतल्या आमच्या घरात मी त्यांच्यासमोर बसून भाजी निवडता निवडता गायची, आणि ते माझ्या ओठांवरून शब्द ओळखून मान हलवायचे. माझं गाणं त्यांच्यापर्यंत जायला तेवढा एकच रस्ता उरला होता. म्हणून मी बाईंकडे गेले.

"बाई, मी या वेळी पुढे उभी राहू का? पप्पांना ऐकू नाही येत. ते मला बघूनच समजतात."

"सगळे मागून गातात."

"पण बाई, त्यांना कसं कळेल ना?"

"देवाला कळेल. त्यांना सांग, डोळे मिटून बसा."

मी त्यांचं काय घोडं मारलं होतं? एका बहिऱ्या माणसासाठी दहा पावलं पुढे येऊ द्यायचं होतं, एवढंच. मी पाळकसाहेबांकडेही गेले. ते म्हणाले, "बेटा, म्यूज़िक का तो बाईजी ही देखती हैं."

पप्पा नवा स्वेटर घालून पहिल्या बाकावर बसले होते. मी मागून, मेणबत्त्यांच्या अंधुक उजेडात गायले. चांगलं गायले. पुढून गाईन असं मी त्यांना आधीच सांगून बसले होते, म्हणून पप्पा समोर वेदीकडे बघत राहिले, मी कधी येते म्हणून. घरी परतताना सवारी टेम्पोत त्यांनी माझा हात धरून विचारलं, "तुला नाही गाऊ दिलं का गं?"

ते पुढच्या उन्हाळ्यात गेले. बाई भेटायला आल्या, तेव्हा मी चहा पुढे ठेवला आणि आवराआवर करत राहिले. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तू बेसूर असतीस तर पुढे उभी केली असती. तुला बघून लोक देवाला विसरले असते." ही समजूत होती की कौतुक, मला ठाऊक नाही. मला दोन्ही नको होतं.

मग बाईंची बोटं आखडली. नवी कमिटी आली, ड्रम आले, निळ्या दिव्यांचं स्टेज आलं. आता नाताळची गाणी नोव्हेंबरपासूनच सुरू होतात. मला स्टेजवर बोलावलं तेव्हा मी ऐटीत गेले. समोर सगळे मोबाईल वर धरून बसले होते, कडवं संपायच्या आत टाळ्या पडल्या. बाहेर बाई काठी टेकून उभ्या होत्या. "दिसलीस," एवढंच म्हणाल्या.

या वर्षी आगमनकाळातच, नाताळच्या आधीच्या वाट बघायच्या आठवड्यांत, त्या गेल्या. अंत्यविधीला मराठी गीत म्हणायला मुलांपैकी कुणालाच येईना, म्हणून मला सांगितलं. मी मुद्दाम शवपेटीच्या बाजूला, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले. आता कोण मला मागे पाठवणार होतं?

पहिली ओळ धड गेली. मग समोरचे चेहरे दिसू लागले. पहिल्या बाकावर कुणी म्हातारे गृहस्थ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते, आणि माझा आवाज जागच्या जागी मोडला. मी मागे गेले नाही. तिथेच, रडत, भलत्याच पट्टीत शेवटपर्यंत गायले. टाळी एकही पडली नाही. सगळे खाली मान घालून प्रार्थना करत होते.