चार तासं हरभरा

औरादच्या अलीकडं सुशीलाबाईचं शेत हाय. येळवसच्या अमावस्येला निम्मं गाव तिथंच जेवायला. कडब्याची खोप घालायची, पांडव पुजायचे, अन् मग तिच्या हातची भज्जी. हरभरा, तूर, पावटा, समदं हिरवं एकाच हंड्यात. चाळीस वर्सं झाली, दुसऱ्या कुणाला ती पळी लावू देत न्हाई.

गेल्या साली आठ दिस आभाळ आलं अन् हरभऱ्याला आळी पडली. घाट्याला भोकंच भोकं. पोरगा व्यंकट औषधाचा पंप पाठीवर घेऊन निघाला, तर ती म्हणली, "मार बाबा, पण हिरीकडली चार तासं सोड, कडंच्या चार ओळी तेवढ्या. येळवसची भाजी हाय तिथं."

"सोडतो की गं!"

येळवसच्या सकाळी तिनं त्याच चार तासातली भाजी खुडली. नात मंजू संगट होती. खुडायचं कमी, घाटे सोलून खायचं जास्त. म्हातारी हसली, "माकडीन हाईस बघ!"

दुपारी मंडळी पानावर बसली. शेजारचा काशप्पा वरडला, "अक्का, वाढा की! पोटात कावळे न्हाई, घारी वरडायल्यात!"

तिनं पळी उचलली, तेवढ्यात व्यंकट घागर घेऊन आला. हंडा बघून त्याचं तोंडच उतरलं.

"आई, भाजी कुठली?"

"हिरीकडली. कामून?"

"तिथंबी मारलो परवा. पंपात जरासं उरलं होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून..."

"शिजल्यावर काय ऱ्हातंय अक्का, वाढा," काशप्पा म्हणला.

निवद दाखवलेली भज्जी, सांडायची कशी? पण तिनं हंडा उचलला, बांधाखाली उलटा केला अन् वर माती लोटली. मग एकदम आठवलं.

"मंजू? मंजू कुठं हाय?"

पोरगी खोपीत पोट धरून पडलेली. तोंडातून लाळ. व्यंकटनं गाडीवर घालून औरादला नेलं. किती घाटे खाल्ले, डॉक्टर इचारायला. सुशीलाबाई नुसती ओंजळ पुढं करायली.

वाचली पोरगी. औंदा म्हातारीनं परसात हरभरा पेरला. रोज सकाळी एकेक आळी हातानं येचून कोंबड्याला टाकली. येळवसला त्याचीच भज्जी केली.

काशप्पानं घास उचलला, वास घेतला अन् हळूच खाली ठिवला.

"अक्का, ही कुठली?"

तिनं आपल्याच पानात वाढून घेतली अन् खायला बसली. मंडळी हात आवरून तिच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.